अगं, अणूला काही हवं नसतं

रासायनिक बंधांच्या धड्याने तुझा जीव नकोसा केलाय, हे फोनवर कळलंच. 'ताई, पाठ सगळं होतंय गं, पण कळत काहीच नाही,' असं तू म्हणालीस ना, ते मला मनापासून आवडलं. पाठ झालं की सुटलो म्हणणाऱ्यांतली तू नाहीस. म्हणून निवांत बसून लिहितेय. आईला दाखवू नकोस, नाहीतर म्हणेल, ही लांब राहूनसुद्धा पोरीचं डोकं खाते.

तुमच्या क्लासमध्ये काय सांगतात ते न विचारताही सांगू शकते. सोडियमकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा, क्लोरीनला एक कमी. सोडियमने आपला देऊन टाकला, क्लोरीनने तो घेतला, दोघांची अष्टकं पूर्ण झाली आणि दोघं सुखाने नांदू लागले. दहावीपर्यंत ही गोष्ट खपते. आता ती सोडून दे. एक तर तिच्यात हिशेब चुकलाय. आणि खरं सांगू? देऊन टाकण्यातच सुख असतं हे मुलींना शिकवायला जगात पुष्कळ लोक बसलेत, त्यात सोडियमची भर कशाला!

अणूला काही हवं नसतं. त्याला आठाचं वेड नसतं, अपूर्ण राहिल्याची खंत नसते. धन आणि ऋण प्रभार एकमेकांना ओढतात, सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि इलेक्ट्रॉन फार छोट्या जागेत कोंडले की त्यांची ऊर्जा वाढते. एवढ्यावर सगळं चालतं. म्हणून 'याला काय हवंय?' असं विचारूच नकोस. 'हे सुटं करायला किती ऊर्जा लागेल?' असं विचार. बंध म्हणजे ती किंमत.

आता सोडियमचा हिशेब मांडू. त्याच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन आपण 'जास्तीचा' म्हणत असलो तरी केंद्रकाने त्याला धरून ठेवलेलंच असतं. तो काढायला ४९६ किलोजूल लागतात. (हा आकडा एका मोलचा, म्हणजे २३ ग्रॅम सोडियमचा. पुढचे सगळे आकडेही मोलमागेच आहेत.) हा इलेक्ट्रॉन क्लोरीनला मिळाला की ३४९ किलोजूल बाहेर पडतात. म्हणजे क्लासमध्ये ज्या दानाचं एवढं कौतुक होतं त्यात चक्क १४७ किलोजूलची खोट आहे. अष्टकं दोन्ही पूर्ण, आणि व्यवहार तोट्यात! अष्टक पूर्ण होणं हेच कारण असतं तर नफा इथेच दिसायला हवा होता.

तोटा भरून निघतो तो पुढे. सोडियमचा धन आयन आणि क्लोराइडचा ऋण आयन एकमेकांकडे ओढले जातात. एक जोडी जमून काम थांबत नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना चहूबाजूंनी वाढत जाते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं अंतर २८२ पिकोमीटर. (मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोमीटर.) सुटे आयन या रचनेत येऊन बसताना ७८७ किलोजूल बाहेर पडतात. त्यातून मघाचे १४७ वजा केले तरी ६४० उरतात. स्फटिक टिकतो तो या ६४०वर.

यातच आणखी एक गोष्ट दडलीय, जी परीक्षेत सहसा कुणी विचारत नाही. मिठात रेणू नसतो. हा अमुक सोडियम त्या तमुक क्लोरीनचा, असं कुणी कुणाचं नसतंच. सूत्र फक्त प्रमाण सांगतं, एकास एक. भाईंदर-वसईकडच्या मिठागरातलं खडे मीठ कुठे मिळालं तर एक खडा भिंगाखाली धर. चौकोनी कडा आणि काटकोनात तुटलेल्या पायऱ्या दिसतील. आपलं रोजचं बारीक मीठ घेतलंस तरी त्याचे कण घनाकारच असतात. ती आतली मांडणी बाहेर डोकावतेय. खलबत्त्यात खडा ठेचलास तर त्याचा चुरा होतो, तांब्याची तार ठेचलीस तर ती चपटी होते. मिठाचा थर एक घर सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, मग थर एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. तांब्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहिलेले नसतात, सगळ्या तुकड्यात पसरलेले असतात, त्यामुळे थर सरकले तरी पकड सुटत नाही.

मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मग वरणात टाकल्यावर ते निमूटपणे कसं विरघळतं? स्फटिक मोडायचे ७८७ किलोजूल कुणी भरले? पाण्याने. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण असते, हायड्रोजनची थोडी धन. सोडियमभोवती ऑक्सिजनच्या बाजू वळतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनच्या, आणि त्या आकर्षणात जवळजवळ सगळी किंमत परत मिळते. कमी पडतात ते जेमतेम चार किलोजूल. ते पाणी आपल्याजवळच्या उष्णतेतून देतं, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं. स्वयंपाकघरात रोज आठशे किलोजूलच्या घरातली उलाढाल होते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता हायड्रोजनकडे ये. इथे देणंघेणं नाहीच, दोन्ही अणू अगदी सारखे. एका अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, आकर्षण एकच. दोन अणू जवळ आले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन्ही प्रोटॉन ओढतात, म्हणजे आकर्षणं झाली चार. ढकलाढकली दोन ठिकाणी, इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन-प्रोटॉन. इलेक्ट्रॉनांना वावरायला दोन्ही केंद्रकांभोवतीची जागा मिळते आणि एकूण ऊर्जा उतरते. प्रोटॉन फारच जवळ आले तर ढकलणं वरचढ होतं, म्हणून ते कोसळत नाहीत. ७४ पिकोमीटरवर जमतं. तिथून त्यांना वेगळं करायला ४३६ किलोजूल.

मग पुस्तकातली ती दोन टिंबं आणि ती काडी? टिंबं गिल्बर्ट लुईसची, १९१६ सालची. तेव्हा पुंजयामिकीचा जन्म व्हायचा होता. लुईसने इलेक्ट्रॉन घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसवून पाहिले आणि दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक असते हे ओळखलं. त्या काळात हातात काही साधन नसताना हे सुचणं म्हणजे कमाल आहे. त्याला नोबेल मिळालं नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण टिंबं हा कागदावरचा हिशेब, इलेक्ट्रॉन तसे बसलेले नसतात. ती जोडी का टिकते याचं गणित १९२७मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघांनी हायड्रोजनसाठी मांडलं. काडी तर निव्वळ चित्रकाराची सोय. दोन अणूंच्या मधे तिसरी अशी कुठली वस्तू नसते.

आता तुझा खरा घोळ. 'बंध तुटला की ऊर्जा मिळते' असं तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय. ते काढून टाक. आजोळची विहीर आठवतेय ना? बादली सोडली की दोर सरसर खाली जातो, कप्पी गरगर फिरते. भरलेली बादली वर ओढताना मात्र दंड भरून येतात. दोन अणू जुळणं म्हणजे बादलीचं खाली जाणं, ऊर्जा बाहेर. त्यांना सोडवणं म्हणजे बादली ओढून काढणं, ऊर्जा आत. विहीर जितकी खोल तितका बंध मजबूत. या नियमाला अपवाद नाही. कुठलाही बंध तोडायला नेहमी ऊर्जा घालावीच लागते.

मग गॅस पेटल्यावर उष्णता कुठून येते? हायड्रोजन जाळून बघू, त्याचा हिशेब सोपा आहे. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६. त्याला लागणाऱ्या अर्ध्या मोल ऑक्सिजनचे तोडायला २४९. खर्च झाला ६८५. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन बंध, एकेकाचे सरासरी ४६३, म्हणजे जमा ९२६. शिल्लक २४१ किलोजूल. प्रयोगशाळेत मोजून बघितलं तर पाण्याची वाफ तयार होताना २४२ मिळतात. वही घे आणि हा हिशेब स्वतःच्या हाताने मांड. पान पालटून वाचण्यात ती गंमत नाही.

खर्च आधी आणि जमा नंतर, म्हणून सिलिंडरचा गॅस नुसता हवेत मिसळून पेटत नाही, लायटरची ठिणगी लागते. पहिल्या काही रेणूंचा खर्च ठिणगी भागवते, पुढचा खर्च आधीच्यांच्या शिलकीतून निघतो. आणि ऊर्जा 'सिलिंडरमध्ये भरलेली' असते असं आपण म्हणतो तेही अर्धंच खरं. ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध ४९८चा, त्या मानाने कमजोर. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजनचा प्रत्येक बंध ७९९चा. एवढी मोठी तफावत आहे, म्हणून पातेलं तापतं. म्हणजे निम्मं भांडवल स्वयंपाकघरातल्या हवेचं असतं, त्याचं बिल कुणी पाठवत नाही एवढंच. उलट त्याच हवेत नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर टक्के, पण त्याचा तिहेरी बंध तब्बल ९४५चा, म्हणून तो ज्योतीजवळून जवळजवळ जसाच्या तसा निघून जातो. पिकांभोवती तो एवढा असूनही त्यांना तो घेता येत नाही आणि आपल्याला युरियाच्या गोणी आणाव्या लागतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात त्या ९४५च्या बंधाला उच्च दाब, चार-पाचशे अंश तापमान आणि लोखंडाचं उत्प्रेरक लावून अमोनियात वळवतात. फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश या जर्मनांची ही पद्धत. १९१३मध्ये ती कारखान्यात उतरली आणि अजून तिला तोडीस तोड पर्याय नाही.

जीवशास्त्राच्या मॅडम मात्र 'एटीपीचा बंध तुटतो आणि पेशीला ऊर्जा मिळते' असं सांगतात आणि तुझी पुन्हा पंचाईत होते. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांच्या विषयात ती बोलायची पद्धत पडलीय. पण मनातल्या मनात वाक्य पुरं कर. एटीपीतला बंध तुटतो, पाण्याचाही एक तुटतो, त्या जागी नवे बंध तयार होतात, निघालेल्या तुकड्यांना पाणी वेढून धरतं, आणि सगळ्याची गोळाबेरीज तीस किलोजूलच्या आसपास फायद्यात येते. मिठाचं आणि गॅसचं जे झालं तेच.

चहाचं आधण उकळताना वर वाफ दिसते, तिच्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे झालेले नसतात, हे तुला माहीत आहे. आता त्याची किंमत बघ. १८ ग्रॅम पाणी उकळत्या तापमानाला आलं की त्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोजूल लागतात. त्याच पाण्याचे रेणू फोडायचे तर ९२६. उकळताना तुटतात ते एका रेणूच्या हायड्रोजनने शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी धरलेले हायड्रोजन बंध, एकेक वीसेक किलोजूलचा. खोलीतल्या तापमानाला रेणूंच्या धडपडीची ऊर्जा अडीच किलोजूलच्या घरात असते. वीस हे त्याच्या आठ पटच. त्यामुळे ग्लासातल्या पाण्यात हे बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि पुन्हा जुळतात. ४६३वाल्याच्या केसालाही धक्का लागत नाही. पाणी वाहतं आणि तरीही पाणीच राहतं ते या दोन आकड्यांमधल्या फरकामुळे. आणि ते वीस किलोजूलसुद्धा क्षुल्लक समजू नकोस. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण त्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरत नाहीत.

'सुटं करायला किती ऊर्जा लागेल?' हाच प्रश्न घेऊन आता आत उतर. पाण्याचे दोन रेणू सोडवायला २० किलोजूल. हायड्रोजनच्या रेणूचे दोन अणू करायला ४३६. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३१२. इथपर्यंत सगळा कारभार विजेच्या ओढीचा, आणि रसायनशास्त्राचं राज्यही इथपर्यंतच. पुढची पायरी केंद्रकाची. जड हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. त्यांना वेगळं करायला मोलमागे सुमारे २१ कोटी किलोजूल. वाचताना चुकली नाहीस, कोटीच! हायड्रोजनच्या रेणूच्या जवळपास पाच लाख पट. हे बल वेगळं, केंद्रकाच्या बाहेर त्याचा हात पोचत नाही, पण आत ते प्रोटॉनांच्या ढकलाढकलीला पुरून उरतं. म्हणून तू कितीही आम्ल ओत, कितीही जाळ लाव, केंद्रकाला खबरही नसते, आणि म्हणूनच तांब्याचं सोनं करायला निघालेले सगळे किमयागार हात हलवत परतले.

तारापूरच्या अणुवीज केंद्रात १९६९मध्ये वीज तयार होऊ लागली ती या पायरीवरून. इथे तू मला पकडशील हे माहितेय. युरेनियमचं केंद्रक 'फुटतं' आणि ऊर्जा मिळते, मग तोडायला ऊर्जा लागते त्याचं काय? विहीर विसरू नकोस. फुटून जे दोन तुकडे होतात त्यांच्यातले प्रोटॉन-न्यूट्रॉन युरेनियमपेक्षा खोल विहिरीत बसलेले असतात. आधी थोडं वर ओढावं लागतं, मग जास्त खाली जाता येतं. गॅस पेटताना होतं तेच.

त्याहून आत गेलीस तर प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क, दोन अप आणि एक डाउन. त्यांना सोडवायची किंमत किती, हा प्रश्न तिथे हात टेकतो. ओढत राहिलं की घातलेल्या ऊर्जेतून नव्या क्वार्कची जोडीच तयार होते, सुटा क्वार्क काही हाताला लागत नाही. आणखी गंमत म्हणजे या तीन क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम एक टक्का भरतो. बाकीचं वस्तुमान म्हणजे आत कोंडलेली ऊर्जा. मला स्वतःला हे पचायला वेळ लागला. तुला आजच पचलं पाहिजे असं नाही.

परत वर येऊ, कारण अष्टकाचं एक देणं राहिलंय. झेनॉन घे. बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन, सगळं 'पूर्ण'. निष्क्रिय वायू म्हणूनच तो पुस्तकांत बसला होता आणि त्याचं संयुग होणार नाही असं बहुतेकांनी धरलं होतं. १९६२मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला नील बार्टलेट नावाचा माणूस प्लॅटिनम हेक्साफ्लोराइडवर काम करत होता. हा पदार्थ इलेक्ट्रॉन ओरबाडण्यात इतका तरबेज की त्याने ऑक्सिजनच्या रेणूकडूनही इलेक्ट्रॉन काढून घेतला होता. बार्टलेटने तक्ता पाहिला. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ११६५ किलोजूल, झेनॉनमधून ११७०. किंमत जवळपास सारखीच, मग झेनॉन का नाही? त्याने लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र येऊ दिले आणि पात्रात पिवळट-नारिंगी घन पदार्थ जमा झाला. साधनं आणि तक्ते इतरांकडेही होते. आठ भरले की विषय संपला असं मानून बाकीचे बसले होते, याने तेवढा आकडा वाचला.

आता एक व्यवहाराची गोष्ट, नाहीतर माझ्या नादाने मार्क घालवशील. पेपरात 'सोडियम क्लोराइड कसं तयार होतं' असं आलं तर अष्टकच लिही. इलेक्ट्रॉन संरूपण काढ, बाण दाखव, टिंबं नीट मोज. तपासणाऱ्याकडे नमुना उत्तर असतं आणि त्यात १४७ची खोट नसते. सूत्रं ओळखायला, संयुजा काढायला अष्टक उत्तम चालतं. नायट्रिक ऑक्साइडसारख्या विषम इलेक्ट्रॉनवाल्यांपाशी आणि आणखी काहींपाशी ते अडतं, ते अपवाद म्हणून वेगळे लिहून ठेव. मात्र 'का' असा प्रश्न आला, किंवा एखादी अभिक्रिया उष्णता देते की घेते असं विचारलं, तर थेट किमतीवर जा. पुढे सीईटी-नीटच्या वेळी असे प्रश्न येतात आणि पाठांतरवाले तिथेच गळतात.

आणि रविवारपर्यंत एक काम करून ठेव. मॅग्नेशियम ऑक्साइडचा हिशेब मांड. मॅग्नेशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला ७३८ किलोजूल, दुसरा काढायला १४५१. ऑक्सिजनला पहिला इलेक्ट्रॉन देताना १४१ बाहेर पडतात, पण दुसरा द्यायला उलट साडेसातशे-आठशे घालावे लागतात. ऋण आयनावर आणखी एक ऋण इलेक्ट्रॉन लादायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? दोन्ही अष्टकं पूर्ण होईपर्यंत खड्डा किती मोठा होतो ते आधी काढ, मग स्फटिक बनताना मिळणारे ३८०० किलोजूल जमेला धर. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या विटा भट्टीच्या अस्तराला का वापरतात आणि मिठाच्या का नाहीत, तेही त्याच आकड्यांवरून सांगायचं आहे. सकाळी दहाच्या आधी फोन करू नकोस, आणि उत्तर गूगलवरून उचललंस तर पहिल्या वाक्यात कळेल मला.